पार्टिशन सरकवताना लॅपटॉप बंद पडला, आता डी ड्राइव्हमधला डेटा कसा वाचवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क आहे आणि विंडोज १०. सी ड्राइव्ह १३० जीबीचा, तो भरला. डी साधारण ८०० जीबीचा, त्यात मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आणि वडिलांच्या दुकानाचा टॅलीचा डेटा. डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशन लहानमोठी करणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरने डीमधले १०० जीबी काढून सीला द्यायला घेतले. काम ४० टक्क्यांच्या आसपास आलं आणि वीज गेली. बॅटरी कमजोर, त्यामुळे लॅपटॉपही बंद. आता चालू केला की बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून पाहिलं तर सी दिसतो, पण डीच्या जागी ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कुणालाच न दिलेली जागा, असं लिहिलेलं येतं. मित्र म्हणतोय, विंडोज नव्याने टाक, डेटा नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढू.

मित्राचा सल्ला आत्ता मानू नका. विंडोज टाकणं हे या सगळ्यातलं सोपं आणि शेवटचं काम आहे. तुमच्यापुढे दोन वेगळ्या अडचणी आहेत. लॅपटॉप चालू होत नाही ही एक, आणि डीमधला डेटा दिसत नाही ही दुसरी. माझ्याकडे येणारी माणसंही बहुतेक वेळा पहिल्या अडचणीच्या मागे लागून दुसरी वाढवून आलेली असतात. तुम्ही अजून डिस्कवर काहीही लिहिलेलं नाही, ही फार मोठी जमेची बाजू आहे. ती टिकवा.

आता तुमच्या डिस्कवर नक्की काय झालं असेल ते समजून घेऊ, कारण उपाय त्यातूनच निघतो. सी डावीकडे, डी उजवीकडे. सीला उजव्या बाजूने वाढवायचं तर डीची सुरुवात १०० जीबी उजवीकडे न्यावी लागते. पार्टिशनची सुरुवात हलवायची म्हणजे आतला सगळा डेटा उचलून पुढे ठेवायचा. नुसता शेवट आत घ्यायचा असेल तर काम लवकर होतं. सुरुवात हलवायची असेल तर तासन्‌तास जातात, आणि तुमची वीज नेमकी त्या तासांमध्ये गेली.

पंगतीत बसलेल्या सगळ्यांना दोन पाट उजवीकडे सरकवायचं असेल तर उजव्या टोकाच्या माणसापासून उठवावं लागतं, नाहीतर सरकणारा दुसऱ्याच्या मांडीवर बसेल. सॉफ्टवेअरही तसंच करतं. आधी डीचा डेटा ७०० जीबीत बसवतं, मग शेवटच्या टोकापासून सुरुवात करून एकेक तुकडा १०० जीबी पुढे लिहीत मागे मागे येतं. मधेच थांबलं तर डीच्या मागच्या, म्हणजे शेवटाकडच्या भागातला डेटा नव्या जागी गेलेला असतो आणि सुरुवातीकडच्या भागातला जुन्याच जागी असतो.

यात एक फार दिलासा देणारी गोष्ट आहे. तुमचेच आकडे घेऊ. ७०० पैकी ४० टक्के म्हणजे शेवटचे २८० जीबी सरकले असं धरू. म्हणजे डीच्या सुरुवातीपासून ४२० जीबीच्या पुढचं सगळं नव्या जागी पोचलं. पण ४२० ते ५२० या पट्ट्यातली मूळ प्रत अजून जुन्या जागीही शाबूत आहे, कारण तिच्यावर लिहायची वेळ आलेलीच नव्हती. म्हणजे या १०० जीबीच्या दोन प्रती डिस्कवर आहेत, आणि बाकी सगळ्याची एकेक प्रत आहे. हरवलेलं काहीच नाही. डी दोन तुकड्यांत पडला आहे, आणि तुकडे जिथे जोडायचे तिथे १०० जीबीची ढिलाई आहे. सांधा ४२० ते ५२० यांच्यामध्ये कुठेही धरला तरी चालतो. नेमकी कुठल्या सेक्टरला (डिस्कवरच्या सगळ्यात छोट्या कप्प्याला) वीज गेली हे कळण्याची गरजच पडत नाही.

अर्थात हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, ४० टक्के कशाचे? डी लहान करण्याच्या टप्प्यातच थांबलं असेल तर काहीच सरकलेलं नाही, सगळं मूळ जागी आहे आणि काम अगदी सोपं आहे. दुसरी, काही सॉफ्टवेअर संपूर्ण जागा हलवत नाहीत, फक्त भरलेले क्लस्टर, म्हणजे सेक्टरांचे गट, हलवतात. तिथेही तर्क हाच लागतो, पण टक्केवारी भरलेल्या डेटाची असते, त्यामुळे सांधा मी म्हणतो त्यापेक्षा बराच मागे किंवा पुढे असू शकतो. म्हणून सॉफ्टवेअरचं नाव आणि डी किती भरलेला होता ते आठवून लिहून ठेवा.

आता यातला सापळा. डीची जुनी सुरुवात हललेली नाही. एनटीएफएस म्हणजे विंडोजची फायली मांडून ठेवण्याची पद्धत (फाइल सिस्टिम). तिचा बूट सेक्टर, म्हणजे ड्राइव्हची ओळख सांगणारा पहिला सेक्टर, तिथे आहे, आणि कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद ठेवणारा मास्टर फाइल टेबलसुद्धा सहसा सुरुवातीच्या भागात असतो. त्यामुळे हरवलेली पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्कसारखं साधन चालवलं की काही मिनिटांत डी ‘सापडतो’. फोल्डर, नावं, तारखा, सगळं जसंच्या तसं दिसतं. इथे माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि पार्टिशन टेबल, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठून कुठपर्यंत याची यादी, लिहून मोकळा होतो. मग फोटो उघडायला जातो तर काही नीट उघडतात, काही उघडतच नाहीत, काहींमध्ये अर्ध्यानंतर करडा पट्टा येतो. नोंद सांगते ती जागा जुनी आहे, आणि मागच्या भागातल्या फायली तिथून १०० जीबी पुढे गेलेल्या आहेत. अशा अवस्थेत विंडोजला तो ड्राइव्ह दिला तर विंडोज चेकडिस्क चालवतं, कधी तुम्हाला विचारून, कधी चालू होतानाच आपोआप. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फायली वाचवणं नव्हे. न जुळणाऱ्या नोंदी ते कापून टाकतं, आणि त्या कापलेल्या नोंदींबरोबर तुकडे जुळवण्याचा नकाशाही जातो. त्यामुळे कुणी कितीही आग्रह केला तरी चेकडिस्क, ‘फॉरमॅट करा’ आणि ‘इनिशियलाइझ करा’ या तिन्हींना सध्या नाही म्हणा. ते सॉफ्टवेअर पुन्हा उघडल्यावर ‘राहिलेलं काम पुढे चालू करू का’ असं विचारत असेल तर त्यालाही आत्ता नाही. कदाचित ते बरोबर पुढे नेईल, पण ते प्रत काढल्यावर करून पाहण्यासारखं आहे, आधी नव्हे.

डिस्कला हात लावण्याआधी अर्धा तास चौकशीत घाला. वडिलांच्या सीएकडे किंवा हिशेब लिहिणाऱ्याकडे टॅलीचा बॅकअप असण्याची चांगली शक्यता असते. जीएसटी किंवा विवरणपत्राच्या वेळी डेटा पाठवलेला असतो आणि घरी कुणाच्या लक्षात नसतं. ईमेलला जोडलेल्या फायली, जुने पेन ड्राइव्ह, फोनमधलं गुगल फोटोज, नातेवाइकांना पाठवलेले फोटो, सगळं बघा. यातून पूर्ण डेटा मिळेलच असं नाही, पण काय खरंच एकमेव आहे ते कळतं, आणि पुढे किती जोखीम घ्यायची, किती पैसे घालायचे हे त्यावरून ठरवता येतं.

मग डिस्कची तब्येत. लिनक्स मिंटच्या पेन ड्राइव्हवरून चालू केल्यावर ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचा, अहवाल दिसतो. त्यात रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) आणि करंट पेंडिंग सेक्टर (वाचायला अडचण येणारे) हे दोन आकडे पाहा. शून्य असतील तर छान. पेंडिंगचा आकडा वाढता असेल किंवा डिस्कमधून टकटक असा ठराविक आवाज येत असेल तर तिथेच थांबा आणि लॅपटॉप बंद करा. ती यांत्रिक बिघाडाची केस आहे, तिला डेटा रिकव्हरीची लॅब लागते. घरी जितका वेळ चालवाल तितकी डिस्क बिघडत जाईल.

डिस्क ठीक असेल तर पहिलं खरं काम म्हणजे संपूर्ण डिस्कची सेक्टर ते सेक्टर प्रत. फायली कॉपी करणं वेगळं आणि ही प्रत वेगळी. यात रिकामी दिसणारी जागासुद्धा जशीच्या तशी उतरवायची असते, कारण तुमचा डी सध्या ‘रिकाम्या’ जागेतच आहे. यासाठी २ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या. १ टीबीची घेतली तर प्रत जेमतेम बसेल किंवा बसणारच नाही, आणि काढलेल्या फायली ठेवायला जागा उरणार नाही. ती डिस्क फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेली नसावी, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करून घेतलीत तर उत्तम, फक्त फॉरमॅट करताना कुठली डिस्क निवडली आहे ते आकारावरून आणि मॉडेल नंबरवरून दोनदा तपासा.

प्रतीसाठी मी जीएनयूचं डीडीरेस्क्यू वापरतो. लिनक्सच्या डीडी या साध्या कॉपीच्या कमांडपेक्षा त्याचा फायदा असा की ते एक मॅप फाइल ठेवतं. वीज पुन्हा गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं, आणि एखादा सेक्टर वाचता आला नाही तर त्याची नोंद करून पुढे जातं, मग शेवटी परत फिरून प्रयत्न करतं. स्रोत म्हणजे लॅपटॉपची पूर्ण डिस्क द्या, एखादं पार्टिशन नको. प्रत आणि मॅप फाइल दोन्ही बाहेरच्या डिस्कवर जाऊ द्या. यूएसबी ३ असेल तर चार-पाच तास धरा, यूएसबी २ असेल तर रात्रभर. चार्जर लावलेला, स्लीप बंद, आणि शक्य असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस. तुमच्या भागात ज्या दिवशी वीज जाते तो दिवस टाळा.

प्रत पूर्ण झाली की लॅपटॉपमधली मूळ डिस्क बाजूला काढून ठेवा. इथून पुढचं सगळं प्रतीवर. आणि दुकानाचं काम अडलं असेल तर माझी मनापासून शिफारस अशी: एक लहान एसएसडी विकत घ्या, लॅपटॉपमध्ये बसवा आणि तिच्यावर विंडोज टाका. वडिलांची बिलं उद्यापासून सुरू होतील, सीच्या जागेचा प्रश्न कायमचा मिटेल, आणि जुन्या डिस्कवर कुणाचं बोटही पडणार नाही. घाई संपली की डेटाचं काम शांतपणे करता येतं. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला आहे, त्यामुळे नवं टाकतानाच कुठलं टाकायचं त्याचाही विचार करा.

आता प्रतीवर टेस्टडिस्क चालवा. हे मुक्त साधन आहे आणि लिनक्समध्ये सहज मिळतं. पार्टिशन टेबलचा प्रकार ते स्वतः ओळखतं, बहुधा जीपीटी, जुना लॅपटॉप असेल तर इंटेल म्हणजे एमबीआर. अॅनालाइझ करून क्विक सर्च द्या. डी दिसला की पी दाबून फायलींची यादी पाहा, पण ‘राइट’ला हात लावू नका. जरूर वाटली तर डीपर सर्चही करा. आपल्याला इथे दोन आकडे हवे आहेत. एक, डीची जुनी सुरुवात कुठल्या सेक्टरला आहे. दोन, सॉफ्टवेअरला डी जिथे न्यायचा होता ती नवी सुरुवात. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची राखीव प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. ती नव्या जागी लिहिली गेली असेल तर टेस्टडिस्कला तिच्यावरून एकमेकांवर चढलेले दोन डी दिसतात. दोन्ही सुरुवातींमधला फरक म्हणजेच डेटा किती सरकला तो नेमका आकडा. नेमके १०० जीबी असतील तर ५१२ बाइटच्या हिशेबाने २०,९७,१५,२०० सेक्टर. हा फरक २०४८ने पूर्ण भागला जातो का ते पाहा, कारण आजकालची साधनं पार्टिशन १ एमबीच्या हद्दीवर ठेवतात. भाग जात नसेल तर वाचण्यात कुठेतरी चूक आहे.

राखीव बूट सेक्टर सापडला नाही तरी मार्ग आहे. डीच्या मागच्या भागातली, जिची दुसरी प्रत तुमच्याकडे कुठेतरी आहे अशी एखादी मोठी फाइल निवडा, उदाहरणार्थ फोनमध्येही असलेला व्हिडिओ. मास्टर फाइल टेबलच्या नोंदीनुसार ती कुठल्या क्लस्टरला असायला हवी ते एनटीएफएसची साधनं सांगतात. मग त्या फाइलची सुरुवातीची बाइटं प्रतीमध्ये खरी कुठे सापडतात ते शोधा. असायला हवी होती ती जागा आणि सापडली ती जागा यांतला फरक म्हणजे तोच आकडा. हा फरक एका सेक्टरने जरी चुकला तरी मागचा सगळा भाग निरुपयोगी वाचला जाईल, म्हणून दोन-तीन फायलींवर पडताळून घ्या.

मग जोडणी. लिनक्समध्ये डिव्हाइस मॅपर आहे. दोन तुकडे प्रत्यक्ष कॉपी न करता ‘हा तुकडा आधी, तो नंतर’ असं सांगून त्यांचा एक आभासी ड्राइव्ह ते करून देतं. प्रत लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे फाइललाच डिस्क मानून, फक्त वाचण्यापुरती जोडायची. पहिला तुकडा डीच्या जुन्या सुरुवातीपासून सांध्यापर्यंतचा. दुसरा तुकडा सांधा अधिक १०० जीबी इथून शेवटपर्यंतचा. आपल्या उदाहरणात सांधा मधोमध म्हणजे ४७० जीबीवर धरला तर पहिला तुकडा ४७० जीबीचा, मग १०० जीबी वगळायचे, मग २३० जीबीचा दुसरा तुकडा. बेरीज ७००. हा आभासी ड्राइव्हही फक्त वाचण्यापुरताच माउंट करा, म्हणजे वापरायला जोडा, आणि फायली उघडून पाहा, वरवर नाही, वेगवेगळ्या वर्षांच्या फोल्डरमधल्या. सगळ्या उघडल्या तर सांधा योग्य पट्ट्यात पडला आहे. काही ठराविक फोल्डरच बिघडलेले दिसले तर सांधा ५० जीबी मागे किंवा पुढे घेऊन परत बघा. प्रतीवर काहीच लिहिलं जात नाही, त्यामुळे कितीही वेळा जोडून पाहिलं तरी नुकसान नाही. मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण मोडलेला वाटणारा ड्राइव्ह इथे नावांसकट, फोल्डरांसकट परत उभा राहतो.

फोटोरेकबद्दल तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. ते टेस्टडिस्कबरोबरच येतं आणि चांगलं आहे, पण ते फाइलच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून फाइल उचलतं. नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, आणि फाइल तुकड्यातुकड्यांत साठवलेली असेल तर ती अर्धवट येते. फोटोंसाठी शेवटचा पर्याय म्हणून ठीक. टॅलीसाठी त्याच्यावर विसंबू नका. टॅलीत एका कंपनीचा डेटा म्हणजे आकड्यांचं नाव असलेला एक फोल्डर आणि त्यात एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फायली. नाव आणि फोल्डर गेले की त्या सुट्या फायलींतून हिशेब उभा करणं जवळपास अशक्य होतं. म्हणूनच वरची जोडणीची खटपट करायची. आणि टॅलीचा फोल्डर हाती आला की दुसऱ्या संगणकावर टॅलीत उघडून ताळेबंद आणि शेवटच्या महिन्याची व्हाउचर बघा. फोल्डर दिसला म्हणजे डेटा नीट आहे असं धरून चालू नका.

लॅपटॉप चालू होण्याचा प्रश्न यानंतर घ्या. जुन्या डिस्कवरचं विंडोज परत हवंच असेल तर तेही सहसा अवघड नसतं, कारण सीला बहुधा हातच लागलेला नाही. अशी सॉफ्टवेअर पुष्कळदा विंडोज सुरू होण्याआधी स्वतः चालण्यासाठी बूटच्या नोंदी बदलतात, आणि काम अर्धवट राहिलं की त्या तशाच अडकतात. दुसऱ्या संगणकावर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून दुरुस्तीच्या पर्यायात जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमध्ये बूटच्या फायली ठेवणारं, फॅट३२ असलेलं लहानसं, सहसा १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन शोधून त्याला एक अक्षर द्या आणि बीसीडीबूट या कमांडने सीमधल्या विंडोज फोल्डरवरून बूटच्या फायली तिथे नव्याने लिहून घ्या. डिस्क एमबीआर असेल तर लहान सिस्टिम पार्टिशन अॅक्टिव्ह आहे का तेही बघावं लागतं. एवढ्याने चालू झालं नाही तर फार झगडू नका. डेटा हातात आहे, नव्याने टाका.

हेच उत्तर एसएसडीवाल्या कुणी वाचत असेल तर एक फरक लक्षात ठेवा. एसएसडीवर फॉरमॅट केलं की ऑपरेटिंग सिस्टिम सहसा ट्रिमची, म्हणजे ‘ही जागा आता रिकामी’ अशी, सूचना पाठवते आणि त्या जागेतला डेटा पुन्हा वाचता येत नाही. लिनक्सचा ईएक्सटी४ बनवणारा प्रोग्रॅमही हे मुळातच करतो. तिथे एका चुकीच्या फॉरमॅटनंतर बहुधा मार्ग उरत नाही. आणि ड्राइव्हवर विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं बिटलॉकर असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधा, बहुतेक वेळा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. की नसेल तर तुकडे अचूक जोडूनही फायली वाचता येणार नाहीत.

हे सगळं स्वतः करायचं की दुकानात द्यायचं? प्रत काढण्यापर्यंतचं काम लिनक्सची थोडी सवय असलेला कुणीही सावकाश करू शकतो. जोडणीसाठी मात्र आकड्यांचा हिशेब नीट मांडता येणारा माणूस हवा. दुकानात दिलंत तर पहिला प्रश्न हा विचारा: ‘आधी पूर्ण डिस्कची इमेज काढणार का, आणि काम इमेजवर करणार का?’ इमेज म्हणजे वर सांगितलेली सेक्टर ते सेक्टर प्रत. उत्तर गोलमोल आलं किंवा ‘त्याची काय गरज, सॉफ्टवेअर आहे आपल्याकडे’ असं आलं, तर डिस्क घेऊन परत या. इमेज काढून आणलीत तर ती इमेज आणि मूळ डिस्क दोन्ही परत मागा. फायली पूर्ण तपासून झाल्याशिवाय यातलं काहीही पुसू नका.

प्रत झाली की मला चार गोष्टी कळवा: सॉफ्टवेअरचं नाव, डी किती भरलेला होता, डीडीरेस्क्यूने किती सेक्टर वाचता आले नाहीत म्हणून दाखवले, आणि टेस्टडिस्कच्या क्विक सर्चनंतरच्या पडद्याचा फोटो. सुरुवातीचे दोन्ही सेक्टर त्यात दिसत असतील तर सांध्याचे आकडे मी मांडून देईन.